डोळं मिटा की ओ, सायेब

मार्चएंडच्या तोंडावर पतसंस्थेच्या वसुली खात्यातल्या माणसाला 'सगळं सोडा आणि नुसतं श्वासाकडे बघा' असं सांगणारा डॉक्टर एकतर साधू असावा, नाहीतर त्याचं स्वतःचं कर्ज तरी फिटलेलं असावं. माझं बीपी 150 वर 96 निघालं. गोळी लिहून देताना डॉक्टर म्हणाले, "पळू नका, जोरबैठका नकोत. सौम्य हालचाल आणि माइंडफुलनेस." मी दवाखान्याबाहेर चपला शोधेपर्यंत बायकोने फोनवरून माइंडफुलनेसच्या वर्गात माझं नाव नोंदवलं होतं. फी भरली आहे म्हटल्यावर विषय संपला. भरलेले पैसे बुडवायचे नाहीत, एवढं तरी आमच्या खात्यात शिकवतात.

आता सौम्य हालचाल म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. इकडे व्यायाम म्हणजे तालीम, घाम आणि लाल माती. फार तर सूर्यनमस्कार. आमचं मूळ गाव आटपाडीकडचं, म्हणजे औंध संस्थानातलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतून पोरांकडूनही घालून घेत. माझे आजोबा त्या पोरांतले. मनाची एकाग्रता कशी साधायची, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मागे मास्तर छडी घेऊन उभे असत.

आमचा वर्ग सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. आवाज इतका मऊ की मागच्या रांगेतल्यांना नुसते ओठ हललेले दिसायचे. "मान हळूवार उजवीकडे न्या," त्या म्हणाल्या. नेली. त्या मानेतून जो आवाज निघाला, तो ऐकून पुढच्या सतरंजीवरच्या वहिनी स्वतःचा मोबाइल चाचपू लागल्या. मग खांदे, मग मनगटं, मग घोटे. घोटा गोल फिरवायचा असतो, हे मला माहीत होतं. माझ्या घोट्याला माहीत नव्हतं. तो चौकोनी फिरला.

पण खरी परीक्षा चालण्याची. दारापासून स्टेजपर्यंत चालत जायचं. टाच टेकली, तळवा टेकला, बोटं टेकली, प्रत्येक गोष्ट जाणवून घ्यायची. हळू चालणं हे पळण्यापेक्षा कितीतरी दमवणारं काम आहे. तोल जातो. माणूस एका पायावर उभा राहून विचार करायला लागतो, आणि एका पायावर सुचणारे विचार बरे नसतात. मला काय जाणवलं? आदल्या दिवशीच्या लग्नातल्या मसालेभाताचा वास, आणि टाचेखाली रुतलेली एक अक्षता. "जे जाणवेल त्याचं स्वागत करा," मॅडम म्हणाल्या. मी वाकून ती काढली, तर "नको, काढू नका, राहू दे." त्या अनोळखी जोडप्याला टाचेने आशीर्वाद देत मी स्टेजपर्यंत पोहोचलो.

मग त्यांनी विचारलं, "एक ते दहामध्ये सांगा, सध्या ताण किती?"

इथे मॅडमना स्थानिक मापं ठाऊक नव्हती. मागून एकजण म्हणाला, "अडतीस फूट." सगळा हॉल समजला. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. सांगलीतलं पोरगंसुद्धा पाढ्यांआधी हे शिकतं. 2019 ला ज्यांनी 57 फूट पाणी बघितलंय, त्यांना दहापर्यंतच्या आकड्याचं काय कौतुक? वहिनी म्हणाल्या, "माझं आत्ता त्रेचाळीस आहे, पण सासूबाई परवा पाटणहून यायच्यात. म्हणजे कोयनेतून विसर्ग सुरू." मॅडमनी वहीत काय लिहून घेतलं कुणास ठाऊक.

आणि मग आला बेदाणा.

झालं असं की डॉ. जॉन कबाट-झिन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करायचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पहिल्याच दिवशी माणसाच्या हातावर बेदाणा ठेवतात. जन्मात प्रथमच बघतोय असा तो बघायचा, बोटांत फिरवायचा, कानाशी न्यायचा, वास घ्यायचा, आणि फार उशिरा खायचा. कल्पना उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. फक्त ती सांगलीत आणायला नको होती. मॅसॅच्युसेट्समध्ये बेदाणा हा नुसता बेदाणा असतो. आमच्याकडे त्याच्यावर सोसायटीचं कर्ज असतं.

माझ्या डाव्या हाताला मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचे निवृत्त दिवाणजी होते आणि उजव्या हाताला तासगावकडचे आबा, सहा एकर द्राक्षबाग. मॅडम वाटत आल्या, "कुठलाही निवाडा न करता बघा." दिवाणजींच्या तळव्यावर बेदाणा पडायचा अवकाश, त्यांनी अंगठ्याने तो एकदाच दाबला आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "मागच्या सालातला हाय. कोल्ड स्टोअरेजमधनं काढलाय. धुरी जरा ज्यादा झालीया." पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात, तिचा वास लपत नाही. मॅडम म्हणाल्या, "आता तो कानाशी न्या." दिवाणजींनी नेला. "मोडल्याली पेटी," ते म्हणाले.

आबा मात्र गप्प होते. मला वाटलं, चला, एकाला तरी साधलं. पण त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मॅडमच्या लेखी ते बेदाण्याच्या सुरकुत्या बघत होते. आबा बघत होते ऑक्टोबरची छाटणी, फुलोऱ्यात आलेला डावणी रोग, औषधांच्या फवारण्या, मग डिपिंगच्या पाण्यात बुडवून रॅकच्या जाळीवर टाकलेला माल, आणि तो वाळायच्या पंधरवड्यात दुपारी अचानक भरून आलेलं आभाळ. चार किलो द्राक्षं जातात तेव्हा किलोभर बेदाणा होतो, आणि भिजला तर काळा पडतो. एवढं सगळं त्या एका दाण्यात. सजगता म्हणाल तर हॉलमध्ये आबांइतकी कुणाचीच नव्हती. तीच तर त्यांची अडचण होती.

तेवढ्यात त्यांनी मान वळवली आणि मला ओळखलं.

आबा आमचे खातेदार. मार्चचा हप्ता थकीत. मीही आपला बेदाण्याकडेच बघत होतो, देवाशपथ. पण सवयीने माझी नजर त्यांच्या तळव्याकडे गेली असणार, म्हणजे तारणाकडे. आबा हळूच म्हणाले, "डोळं मिटा की ओ, सायेब. तुमी बघाय लागला की माजं ध्यान हप्त्यावर जातंय."

मी मिटले. त्यांनीही मिटले. पुढे शवासनात आम्ही दोघं शेजारी शेजारी उताणे पडलो. धनको आणि ऋणको, दोघांचीही पोटं वरखाली. मॅडम सांगत होत्या, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा; त्याने व्हेगस नावाची नस जागी होते आणि हृदयाचे ठोके सावकाश पडतात. हे मात्र खरंच होतं. नंतर एका थकबाकीदाराला फोन लावण्याआधी मी ते करून बघितलं. लांबच लांब श्वास सोडला. तोवर पलीकडच्याने "रेंज न्हाई वाटतं" म्हणून फोन ठेवून दिला. माझे ठोके संथ राहिले, त्याचेही राहिले असावेत. वसुलीचं काय, ते साहेबांना विचारा.

पाचेक मिनिटांत आबा घोरायला लागले. हप्ता थकलेल्या माणसाला इतकी गाढ झोप लागलेली मी आमच्या खात्यात आजवर पाहिली नव्हती, आणि मनात थोडी असूयाही आली. मॅडम म्हणाल्या, आलेल्या विचाराला नाव द्या आणि जाऊ द्या. मी त्याला 'एनपीए', म्हणजे थकीत कर्ज, असं नाव दिलं. तो काही गेला नाही.

वर्ग सुटायच्या बेतात होता, दिवाणजी अजून डोळे मिटून आडवेच. मॅडम त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि पहिल्यांदाच मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, माझ्या पुण्याच्या बॅचेसना बेदाणा बराच लागतो हो. इथे घाऊक भावात मिळेल का पाचेक किलो?"

दिवाणजींनी श्वास पूर्ण सोडला. डोळे उघडले नाहीत.

"हिरवा का पिवळा?"