गाजराच्या कुळातलं फूल आणि गाजरगवत : दोन्ही एक नव्हेत

आपल्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय : 'शोभेच्या पांढऱ्या अम्मी या फुलझाडाचं बी लावू नका, ते गाजराच्या कुळातलं, म्हणजे गाजरगवतच. वावरभर पसरेल.' हे चूक आहे.

गाजरगवत सूर्यफुलाच्या कुळातलं. पानं गाजरासारखी कातरलेली दिसतात म्हणून ते नाव पडलं, एवढंच. मूळचं अमेरिकेतलं हे तण 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलं. अम्मी मात्र खरंच गाजर, जिरं, ओवा, बडीशेप यांची भावकी. परसातला सांबार (कोथिंबीर) फुलावर येऊ द्या आणि एक दांडी हातात घेऊन बघा : एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे देठ निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा तशीच छोटी छत्री. अम्मीचं फूल असंच, फक्त मोठं. धुऱ्यावरचं गाजरगवत उपटून शेजारी धरा. त्याचे देठ वेगवेगळ्या उंचीवरून फुटतात, टोकाला बारीक पांढऱ्या गुंड्या.

मेसेजमध्ये 'अंगाला खाज येते' असंही आहे. गाजरगवताने ॲलर्जी होते, हे खरंच. पण अम्मीही निर्धोक नाही : तिचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर फोड येतात. फुलं कापताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, लेकरांना दूर ठेवा.

बी दसरा-दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की थेट वाफ्यात टाका. सोटमूळ असल्याने रोप उपटून लावलेलं तिला मानवत नाही. आपल्या उन्हाळ्यात ती टिकत नाही.