‘डार्न’वरून चिडलेल्या वाचकांना, जरा सविस्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या बर्फाच्या लेखात ‘हे डार्न यंत्र सुरूच होईना’ असं वाक्य होतं. त्यावर तुमचं म्हणणं: अमेरिकेत जाऊन तोंड विटाळलं, डार्न म्हणजे तर रफू करणं, मराठीत ‘मेलं यंत्र’ चाललं असतं, आणि हा शब्द एका लेखात चारदा आलाय.

चारदा आलाय, मान्य. दोनदा पुरला असता.

पण ‘तोंड विटाळलं’? समोर बसून असं कुणाला म्हणाल का हो? मिनेसोटात मला १८ वर्षं झाली. आमच्या शेजारच्या आजी ल्युथरन पंथाच्या ख्रिश्चन, रविवारचं चर्च न चुकवणाऱ्या. उणे २५ सेल्सिअसमध्ये स्नोब्लोअरची, म्हणजे बर्फ उडवून वाट करणाऱ्या यंत्राची, दोरी ओढून दमल्या की म्हणायच्या, ‘डार्न थिंग!’ ‘डॅम’ मात्र त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. कारण डॅम हा शाप आहे, देवानं नरकात धाडावं असा. तो उच्चारायला नको म्हणून शेपूट बदलून डार्न. तसंच ‘गॉड’चं गॉश, ‘हेल’चं हेक. म्हणजे ज्यांना तोंड विटाळायचं नव्हतं, त्यांनीच हे शब्द जवळ केले! आणि हे कालचं खूळ नव्हे. कोशकार नोआ वेबस्टरनं १७८९ सालीच ‘डार्न’ची दखल घेतलीय.

आमचे आजोबा पूजेला बसले आणि फुलं उशिरा आली, की सोवळ्यातूनच मला ‘शिंच्या, वेळ काय झाली!’ म्हणून ओरडायचे. शिंचा हे ‘शिंदळीचा’चं, म्हणजे व्यभिचारिणीचा पोर या शिवीचं, आखडलेलं रूप. आता सांगा, त्यांचंही तोंड विटाळलं होतं? ते तर कधी पुण्याबाहेरही फारसे गेले नाहीत. तुमच्या घरात कुणी ‘आयला’सुद्धा म्हणत नसेल तर आनंद आहे, पण मग प्रतिक्रियेत मला ‘अमेरिकाळलेले’ म्हणणारं कोण होतं?

रफूबद्दल काय बोलायचं. तो डार्न वेगळा. आपल्याकडे ‘कर’ म्हणजे हातही. म्हणून पालिकेत कोणी हात कापून देत नाही.

‘मेलं’चं बघू पुढे कधीतरी.

एक राहिलंच. शेवटी यंत्र सुरू झालं का, एवढं मात्र तुम्ही विचारलं नाहीत. नाही झालं. फावड्यानं उपसला बर्फ, दोन तास.