भुतांची बेरीज

‘निवांत’, ‘मन हलके करणारा’ आणि ‘सर्व वयोगटांसाठी’ अशी तीन विशेषणे ज्या खेळाला लावलेली असतात, तो मोबाइलवर उतरवून घेण्यापूर्वी माणसाने विजेचे बिल भरून टाकावे, दूधवाल्याचा हिशेब चुकता करावा आणि घरातल्या मंडळींशी दोन गोड शब्द बोलून घ्यावेत. कारण पुढे या गोष्टींना केव्हा सवड मिळेल हे सांगता येत नाही. मी ज्या खेळाविषयी लिहीत आहे त्याला ही तिन्ही विशेषणे होती आणि शिवाय तो हॅलोविनचा, म्हणजे पाश्चात्त्यांच्या भुताखेतांच्या सणाचा, होता. २०२४ सालच्या दिवाळीच्या तोंडावर तो माझ्या मोबाइलमध्ये शिरला आणि नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी आल्यामुळे आमच्या घरी देवादिकांची आणि भुताखेतांची एकच गर्दी उसळली.

खेळ दिसायला अगदी साधा आहे. पडद्यावर एक काळी कढई असते, वर केरसुणीवर बसलेली एक चेटकीण इकडून तिकडे तरंगत असते आणि आपण बोट टेकवले की ती हातातली वस्तू कढईत टाकते. दोन सारख्या वस्तू एकमेकींना लागल्या की त्या नाहीशा होऊन त्यांच्या जागी पुढच्या पायरीची, आकाराने मोठी अशी एक वस्तू उगवते. दोन गोळ्यांचा एक डोळा होतो, दोन डोळ्यांचा कोळी, दोन कोळ्यांचे वटवाघूळ, दोन वटवाघळांची कवटी आणि मग भूत, घुबड, काळी मांजर, ममी, रक्त पिणारा उमराव अशा क्रमाने चढत चढत अकराव्या पायरीवर भोपळा लागतो. एका गोळीत असे काय असते की तिची जोडी जमली असता डोळा निघावा, किंवा दोन खानदानी उमराव एकमेकांवर आदळले असता त्यातून फळभाजी का निघावी, याचा खुलासा खेळात नाही. उत्क्रांतीचा हा क्रम शाळेत शिकवला असता तर मी जीवशास्त्रात अधिक लक्ष घातले असते.

भोपळा एकच हवा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. ती किती माफक आहे हे पाहण्यासाठी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या पायरीवरून अकराव्या पायरीवर जायचे म्हणजे दहा वेळा दुप्पट करायचे. म्हणजे एका भोपळ्याच्या पोटात १०२४ गोळ्या असतात. चेटकीण दयाळू असल्यामुळे ती केवळ गोळ्याच टाकत नाही, पहिल्या पाच पायऱ्यांपैकी कोणतीही वस्तू टाकते. त्या पाचही सारख्याच प्रमाणात येतात असे धरले तर दर खेपेस सरासरी ६.२ गोळ्यांचा ऐवज कढईत पडतो आणि सुमारे १६५ वेळा बोट टेकवल्यावर भोपळा व्हायला हवा. हे गणित मी सौभाग्यवतींना दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि घरातला गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो याचे गणित अशाच तन्मयतेने कधी केले होते का, असे विचारले.

शिवाय गणित कागदावर जुळते, कढईत जुळत नाही, कारण कढईतल्या सगळ्या वस्तू गोल आहेत. मांजर गोल, घुबड गोल आणि उमरावही गोल. गोल वस्तू ठेवल्या जागी राहत नाहीत. त्या घरंगळतात, एकमेकींना ढकलतात, आणि दोन कवट्या जुळून भूत फुगले की त्याच्या धक्क्याने शेजारची सारी वस्ती जागा बदलते. दोन ममी शेजारी शेजारी आणाव्यात, त्यांच्यात एका गोळीएवढी फट उरावी आणि चेटकिणीने नेमकी गोळीच टाकावी, हा अनुभव या खेळाच्या प्रत्येक साधकाला येतो. ती गोळी पंगतीत दोन थोराड पाहुण्यांच्या मध्ये बसलेल्या पोरासारखी दडपून जाते. तिला हलता येत नाही आणि पाहुण्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. तिला मुक्त करायचे तर तिच्यापर्यंत दुसरी गोळी पोहोचायला हवी आणि दुसरी गोळी जाण्याचा मार्ग पहिल्या गोळीनेच अडवलेला असतो. दरम्यान वरून वस्तूंचा वर्षाव सुरूच असतो, ढीग कढईच्या काठावरच्या तुटक रेषेला टेकतो आणि एक कवटी खदाखदा हसून डाव संपल्याचे जाहीर करते. या खेळात भीतीदायक असे काही असेलच तर ते हे हसणे, आणि तेही त्यातली अचूकता जाणवल्यामुळे.

जाणकारांचे म्हणणे असे की मोठ्या वस्तू एका कोपऱ्यात लोटाव्यात आणि तिथून आकाराच्या उतरत्या क्रमाने ओळ लावावी, म्हणजे एकदा गोळी पडली की साखळीने सगळे जुळत जाते. उपदेश रास्त आहे. ‘२०४८’ नावाचा आकडे जुळवण्याचा खेळ गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्च २०१४ मध्ये एका शनिवार-रविवारात तयार केला, तेव्हापासून कोपऱ्याचे हे तत्त्वज्ञान जगभर मान्य आहे. पण तिथले आकडे चौकोनी आहेत आणि चौकोनाला शिस्त असते. गोल वस्तू भांड्यात टाकण्याची कल्पना जपानची. ‘सुइका’ म्हणजे कलिंगड. त्या नावाचा खेळ मुळात छताला लावायच्या प्रोजेक्टरसाठी केलेला होता, २०२१ च्या डिसेंबरात तो निन्टेंडो स्विच या खेळ खेळायच्या यंत्रावर आला आणि २०२३ च्या सप्टेंबरात एकाएकी लोक त्याच्यामागे वेडे झाले. त्यात चेरीपासून कलिंगडापर्यंत अकरा फळे आहेत आणि दोन कलिंगडे जुळवण्याचा पराक्रम केल्यास ती दोन्ही चक्क अदृश्य होतात. त्यानंतर तोच हिशेब कोणी मिठायांना, कोणी मांजरांना आणि कोणी भुतांना लावला. फळे मला परवडली असती, निदान ती हसत तरी नाहीत.

भुते मात्र फारच सोज्वळ आहेत. आपल्याकडच्या भुतांशी त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. मुंजाला त्याचा पिंपळ लागतो, हडळीला तिचा पार लागतो, ब्रह्मराक्षसाला विद्वत्तेचा अभिमान असतो आणि वेताळाची तर पालखी निघते. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला अर्पण करतात आणि रात्री गावाच्या राखणीला फिरून तो त्या झिजवतो अशी श्रद्धा आहे. अशा दोन मानकऱ्यांना एका कढईत टाकून त्यांची बेरीज करून दाखवावी, अशी कोणाची छाती आहे? दोन मुंजे शेजारी आले तर आधी पिंपळ कोणाचा यावरून वाद होईल आणि डाव तिथेच संपेल.

आमच्या मातोश्रींना भुतांचे काहीच वाटले नाही. त्यांचा आक्षेप चेटकिणीवर होता. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते आणि पूजेसाठी आणलेली कोरी केरसुणी हळदकुंकवाची वाट पाहत कोपऱ्यात उभी होती. पडद्यावरची बाई केरसुणीवर तंगड्या टाकून बसली आहे हे पाहून त्या म्हणाल्या, ‘‘अरे, लक्ष्मीवर बसलीये ती! हिच्या हातून तुला भोपळा कसा मिळेल?’’ त्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर मी पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडले, तेव्हा एक योगायोग माझ्या ध्यानात आला. कारीट आणि भोपळा ही दोन्ही एकाच कुळातली फळे आहेत. हॅलोविनला आयर्लंडमधले लोक मुळात सलगमसारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत आणि अमेरिकेत गेल्यावर त्यांना कोरायला सोपा असा भोपळा सापडला. म्हणजे तिकडे त्याच दिवशी त्या कुळातल्या थोरल्याला दिवा लावून दारात बसवतात आणि इकडे आपण धाकट्याला नरकासुर ठरवून चिरडतो. थोरल्याची आमच्याकडे पितृपक्षात भाजी होते. माझ्या कढईत तो फिरकत नव्हता, यामागे काही जुना राग असावा असे मला तेव्हा प्रथमच वाटले.

जाहिरातींविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांना मी आधीच पुष्कळ वेळ दिला आहे. डाव संपत आला की कढई गदागदा हलवण्याची सवलत मिळते, मात्र तत्पूर्वी अर्ध्या मिनिटाची जाहिरात पाहावी लागते. ती जाहिरात दुसऱ्या एका खेळाची असते, त्यातला खेळाडू मुद्दाम ढोबळ चुका करत असतो आणि ‘हे तुम्हाला तरी जमेल का?’ असा प्रश्न आपल्याला विचारला जातो. पुढच्या पिढीचे उटणे लावून घेण्याचे कार्यक्रम बाहेर खोळंबलेले असताना मी न्हाणीघराच्या दाराआड बसून या प्रश्नाचे मनापासून उत्तर देत होतो.

अखेर दोन उमराव एका कोपऱ्यात आले. त्यांच्यामध्ये कोळी नव्हता, डोळा नव्हता, गोळी नव्हती. होती ती केवळ एका केसाची फट. वरून योग्य वजन पडले असते तर ते जुळले असते, म्हणून मी तो डाव तसाच थांबवून ठेवला, फराळ उरकला, भाऊबीज उरकली आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास निवांतपणे खेळ उघडला. मधल्या काळात तो आपोआप अद्ययावत झाला होता. कढईच्या जागी लाल पोते होते, केरसुणीवाल्या बाईच्या जागी रेनडिअरची गाडी होती, बर्फ पडत होता आणि नाताळच्या शुभेच्छांबरोबर नवा डाव सुरू करण्याची प्रेमळ सूचना होती. उमराव नव्हते, फटही नव्हती. गोळीच्या जागी आता घंटी आहे, अकराव्या पायरीवर सांताक्लॉज आहे आणि त्याच्या पोटातही १०२४ घंट्याच आहेत, हे मी पडताळून पाहिले आहे. त्याला डाव्या कोपऱ्यात लोटावे की उजव्या, एवढेच अद्याप ठरलेले नाही. कारण पोत्याचा तळ मध्ये थोडा झोळ पडल्यासारखा काढलेला आहे आणि घंट्या तिकडेच घरंगळतात.