गोव्यात राहतो, लॉज चालवत नाही!

दरवर्षी तेच. डिसेंबरची १० तारीख उलटली की फोन सुरू. "काय रे, ख्रिसमसला घरीच ना?" हो, घरीच! पण म्हापशात राहतो म्हणजे २५ डिसेंबरला तुमची सरबराई करायला मोकळा आहे असं कुणी सांगितलं? २०२५ मध्ये तर गुरुवार आला. शुक्रवारची रजा टाकली की सलग ४ दिवस, म्हणजे निम्मं पुणं आमच्या हॉलमध्ये पथारी पसरणार.

आम्हा दोघांना हवं तरी काय असतं? उशिरा उठायचं, शेजारच्या आंटीने पाठवलेल्या ताटातली दोदोलची, म्हणजे नारळ-गुळाच्या गोवन मिठाईची, वडी कुणी खायची यावरून भांडायचं. बस्स! त्याऐवजी मी कळंगुटच्या ट्रॅफिकमध्ये फुकटचा ड्रायव्हर, आणि बायको ओले टॉवेल वाळत घालतेय. बाथरूमच्या जाळीतून वाळू तर फेब्रुवारीपर्यंत निघते. वर निघताना ऐकायचं, "मजा आहे राव तुमची, रोजच सुट्टी!"

आत्ताच मेसेज आला: "रात्री मोपा विमानतळावर उतरतोय, ६ जण. गाद्या आहेत ना?" बायकोने वाचला, काही बोलली नाही. उठली आणि दोदोलचा डबा फ्रीजमध्ये कोथिंबिरीमागे लपवून आली.