भंडारदऱ्याला जाताय? मग गाडीतून उतरा

आमच्या श्रीरामपूरकडे भंडारदरा हे गावाचं नाव नाही, पाण्याचं नाव आहे. "भंडारदरा सुटलं का?" म्हणजे पाटाला पाणी आलं का. पावसाळ्यात पेपर हातात आला की आधी धरणाची टक्केवारी, मग बाकीचं जग. आमच्या आण्णांनी (वडील, आता बहात्तर वर्षांचे) उभं आयुष्य त्या पाण्याची दारं धरली, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवलं. थंडीत रात्री दोनला उठायचं, कानाला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं. धरण मात्र त्यांनी एकदाच बघितलेलं, तरुणपणी, कुठल्याशा सहलीत, तेही भिंतीपर्यंतच.

मागच्या नोव्हेंबरात त्यांना घेऊन गेलो. सोबत आई, बायको, बारा वर्षांचा थोरला आणि सहा वर्षांची धाकटी. परत आल्यापासून ऑफिसात तिघांनी विचारलं, "तिकडे फॅमिलीला झेपेल असा सोपा ट्रेक कुठला?" मी तोंड उघडायच्या आत चौथा म्हणाला, "कळसूबाई. एकदम इझी." म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. पायथ्याच्या बारी गावातून निघालं की तीनेक तासांची चढण, मध्ये लोखंडी शिड्या, आणि उतरताना गुडघे काय बोलतात ते विचारू नका. मी दोनदा गेलोय, पुन्हा जाईन. पण त्याला सोपं म्हणणारा माणूस एकतर पंचविशीतला असतो, नाहीतर पोरं आजीकडे ठेवून आलेला असतो. रतनगडालाही शिड्या आहेत. आणि सांदण दरीत, त्या कातळातल्या खोल, अरुंद घळीत, आजी-आजोबांना उतरवणाऱ्यांना तर मी लांबूनच हात जोडतो.

माझं म्हणणं एवढंच, की या जलाशयाच्या काठाला काहीही 'सर' करायची गरज नाही. सपाटीवर चाला. थोडं चाला. घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारं माणूस ज्या चालीने चालेल त्या चालीने चाला.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही गेलो होतो तेव्हा जिथे उतरलो तिथल्या माणसाने एक छापील कागद हातात दिला होता: बारा पॉइंट, एक दिवस. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघायचं, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आम्ही बारापैकी अकरा पॉइंट उरकले. धाकटीला तीनदा उलटी झाली. थोरल्याने मोबाइलमधून मान वर काढली ती फक्त भज्यांसाठी. फोटो बघितले तर प्रत्येकात आमच्या मागे दुसऱ्याची गाडी. बाराव्या पॉइंटला काय होतं ते मला आजही माहीत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

या वेळी दोन दिवस आणि फक्त तीन-चार चालणी.

पहिलं रतनवाडीचं. शेंडीपासून वीसेक किलोमीटर गाडीने, आणि मग गाडी विसरायची. अमृतेश्वराचं देऊळ हजारएक वर्षांचं मानतात. काळ्या दगडाचं, कोरीव कामाने खच्चून भरलेलं. जवळच पुष्करणी आहे, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. आई तिथे पायरीवर जी बसली ती "तुम्ही जाऊन या, मी इथंच बरी" म्हणाली. तिला तिथेच राहू दिलं. सगळ्यांनी सगळं चाललंच पाहिजे हा हट्ट आम्ही आधीच सोडला होता.

रतनगडाची वाट इथूनच निघते. गड विसरा, पण वाट सोडू नका. कारण तिचा सुरुवातीचा टप्पा जवळजवळ सपाट आहे, ओढ्याच्या कडेने जातो आणि तो ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. नोव्हेंबरात पाणी घोट्याएवढं, खाली गोटे, वर झाडांची सावली. बाजूच्या खाचरांत भात कापून उडव्या रचल्या होत्या, सगळीकडे ओल्या पेंढ्याचा वास.

पहिल्या ओलांडणीला आण्णांनी विचारलं, "हा वहाळ कुठला?"

म्हटलं, "आण्णा, ही प्रवरा. रतनगडावर उगम."

ते थांबले. आपलं भंडारदरा धरण याच नदीवर. चप्पल काढून हातात घेतली. मग एक पाय अलीकडच्या दगडावर, एक पलीकडच्या, मधून पाणी, असे उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "एवढीशी व्हय रं? हिच्यापायी रात्र रात्र जागलो आम्ही?"

मग त्यांनी जे केलं ते कुठल्याच पॉइंटच्या यादीत मिळणार नाही. काठाला बसले, दोन दगड सरकवले, पायाने चिखल ओढून हातभर बांध घातला आणि पाण्याची एक बारीक धार बाजूला वळवली. धाकटी लगेच शेजारी जाऊन बसली. मग पुढचा पाऊण तास "दारं कशी धरायची" याची शिकवणी. वाफा भरला हे कसं ओळखायचं, दार फोडायचं केव्हा, मातीचा ढेकूळ कुठे टेकवायचा. खऱ्या वाफ्याऐवजी पानांनी आखलेले चार चौकोन. ऊस म्हणून खोचलेल्या काड्या. थोरला आधी लांब उभा होता, नंतर "तिकडून फुटतंय, तिकडून" करत गुडघाभर ओला. मोबाइल त्याच्या आईच्या पर्समध्ये होता आणि त्याने तो मागितला नाही.

निघताना आण्णांनी पायाने तो सगळा बांध मोडून टाकला. धाकटी रडकुंडीला आली. "असू दे, खाली लोकं वाट बघत्यात पाण्याची," एवढंच म्हणाले.

जाऊन-येऊन आम्ही दोन किलोमीटरसुद्धा चाललो नसू. तीन तास लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटघर. इथे पाऊस इतका पडतो की पेपरवाले याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात (आता अहिल्यानगर, आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं). कोकणकड्यापर्यंतचं चालणं थोडंसंच. कड्यावर सह्याद्री एकदम संपतो आणि खाली शहापूरकडचं कोकण दिसतं. मुलांचा हात सोडायचा नाही, कठडा असो वा नसो. वारा सुटला की सेल्फीवाल्यांच्या टोप्या उडतात, ती करमणूक फुकट. मागे वळलं की अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांच्या भिंती.

आण्णांना कड्यापेक्षा वीजप्रकल्पात जास्त रस. २५० मेगावॉटचा आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी कड्याखाली सोडून वीज करायची, रात्री मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर. मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे यांचीबी लाइट रातचीच." शेतीला रात्रीची लाइट मिळालेला माणूसच हे बोलू शकतो.

साम्रदचं थोडक्यात. गावातून सांदणच्या तोंडापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची साधी पायवाट आहे. तिथे उभं राहून दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून येणारा गारवा घ्यायचा आणि मागे फिरायचं. आत पुढे पाण्याचे टप्पे आहेत, दगड आहेत, मुलांच्या कामाचं नाही. पावसाळ्यात तर त्या तोंडाकडेही फिरकू नका.

संध्याकाळी पांजऱ्याच्या बाजूने पाण्याकडे उतरत गेलो. वाट कसली, गुरांनी पाडलेल्या रेघा. एक मावशी शेळ्या घेऊन परतत होत्या. आईने आपलं "कुठल्या तुम्ही" सुरू केलं. श्रीरामपूर ऐकल्यावर मावशी हसल्या. "मंग पाणी तुमचंच की. आमच्या दारात आहे, पण तुमचंच." टोमणा नव्हता त्यात, पण आण्णा बराच वेळ गप्प होते. विल्सन धरण, म्हणजे हे भंडारदऱ्याचंच, पुरं झालं १९२६ साली. अकरा टीएमसीचं (म्हणजे अकरा अब्ज घनफूट) हे पाणी ज्यांच्या शेतांवर उभं राहिलं ती माणसं इथली, आणि पाट निघाले ते खाली, आमच्याकडे. आमच्या भागात साखर कारखाने उभे राहिले, प्रवरानगरचा तर आशियातला पहिला सहकारी कारखाना म्हणून शाळेत घोकलेला. या मावशींच्या गावाचं नाव मात्र आम्हाला कुठल्या धड्यात नव्हतं. गाडीच्या काचेतून हे कळायला मार्ग नाही. चालत असलं की कुणीतरी थांबतं, बोलतं.

आता थोडं भांडण. काठाला तंबू लावून रात्री बारापर्यंत स्पीकर बडवणाऱ्यांनो, तुमच्या गाण्याशी माझं वैर नाही, पण पाण्यावरून आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जातो आणि तिथे माणसं पहाटे उठून कामाला लागतात. आणि हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, लॉन नव्हे. मे अखेरीस-जूनमध्ये काजवे बघायला याल तर जरूर या. सादडा, हिरडा, बेहडा अशी अख्खी झाडं उघडझाप करतात, मुलं जन्मभर विसरणार नाहीत. पण नर काजवा मादीसाठी लुकलुकतो, तुमच्या हेडलाइटसाठी नाही. दिवे बंद करा, लांब गाडी लावा, अंधारात चाला. तेही एक चालणंच आहे.

कधी जावं? माझं मत: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सप्टेंबरात सोनकी फुललेली असते, सुंदरच, पण पायवाटा निसरड्या आणि वीकेंडला घोटीपासून गाड्यांची रांग. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप खाली जातं आणि उन्हात मुलं वैतागतात. कपड्यांचा एक जोड जास्त घ्या, मुलं ओली होणार हे धरून चाला. आण्णांसाठी काठी नेली होती, ती त्यांनी वापरली नाही, थोरल्याने वापरली. कचरा परत न्यायचा हे सांगायला लागू नये, पण सांगतोय.

आणि रतनवाडीत जेवायचं असेल तर चालायला निघायच्या आधी घरात सांगून जा, आल्यावर नाही. नागलीची भाकरी हातावर थापून चुलीवर भाजतात, सहा माणसांच्या व्हायला वेळ लागतो. आम्ही आल्यावर सांगितलं. मग भुकेल्या पोटी अंगणात बसलो, आणि धाकटीने तेवढ्या वेळात हात धुवायच्या मोरीच्या पाण्याला तीन दारं काढली. घरच्या काकूंनी बघितलं, एक फोडलं आणि पाणी आळूच्या वाफ्याकडे वळवून दिलं.