फ्रीजरमधला विषाणू आणि बर्फातला विषाणू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चांगलंच फैलावर घेतलंत! तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पुण्यात पाषाणला एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) फ्रीजरमध्ये विषाणू वर्षानुवर्षं टिकतात, सैबेरियात ३० हजार वर्षांपूर्वीचा विषाणू जागा होतो, आणि मी मात्र माझ्या लेखात 'बर्फातून निघालेला प्रत्येक विषाणू धोक्याचा नसतो' असं लिहून लोकांना गाफील ठेवतो.

आधी चूक कबूल करतो. सैबेरियातल्या यामलमधल्या २०१६च्या अँथ्रॅक्सचा दाखला मी विषाणूंच्या ओघात दिला. तो रोग जिवाणूमुळे होतो आणि त्याचे बीजाणू गोठलेल्या मातीत दशकानुदशकं तग धरतात. विषाणूला ही सोय नाही. वाक्य काढलंय.

बाकी मुद्दा सोडत नाही. प्रयोगशाळेत नमुना साखर-प्रथिनं घालून झटकन गोठवतात, उणे ८० अंशांवर ठेवतात, आणि भरतातही छोट्या छोट्या कुप्यांत, म्हणजे वितळलेलं पुन्हा गोठवायची वेळ येऊ नये. एवढा खटाटोप का? गेल्या महिन्यात गुरुवारी (आणखी कधी जाणार!) आमच्याकडे दिवसभर लाइट नव्हती. फ्रीजरमधले सुटे मटार दुसऱ्या दिवशी बघतो तर बर्फाचं एकच ढेकूळ. भाजीत टाकले तर दाणे पिचपिचीत. सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि उरलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात. फ्लूसारख्या, मेदाचं वेष्टन असलेल्या विषाणूलाही हाच मार बसतो. हे वेष्टन नसलेले विषाणू, म्हणजे काविळीचा हिपॅटायटिस ए किंवा उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस, जास्त चिवट. गोठवलेल्या बेरी खाऊन युरोपात कावीळ पसरलेली आहे, ती उगाच नाही.

फ्लूचंच बघा. १९१८च्या साथीत गेलेल्यांची थडगी संशोधक योहान हुल्टिनने १९५१मध्ये अलास्कात, ब्रेव्हिग मिशन गावच्या गोठलेल्या जमिनीत उकरली. फुफ्फुसांचे तुकडे आणून अंड्यांत विषाणू वाढवून पाहिला. काही वाढलं नाही. १९९७मध्ये पुन्हा गेला, तेव्हा हाती लागले आरएनएचे, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे, तुटके तुकडे. त्यांच्या आधारे पुढे २००५मध्ये प्रयोगशाळेत तो विषाणू नव्याने घडवला, ती गोष्ट निराळी. पण बर्फात ३३ वर्षांतच त्याचा जीव गेला होता.

आणि तुमचा ३० हजार वर्षांचा पिथोव्हायरस? २०१४मध्ये क्लावेरी आणि आबेर्जेल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो शोधला, तो अमीबाला लागतो. त्यांनी आमिष म्हणून अमीबाच ठेवला होता, माणसाच्या पेशी ठेवल्याच नव्हत्या, आणि तेही मुद्दाम, खबरदारी म्हणून. त्यामुळे माणसाला लागणारं तिथे काहीच नाही, असा दावा मी केलेला नाही, करणारही नाही.

राहिला 'अमीबा'तला 'मी' ऱ्हस्व की दीर्घ, हा तुमचा शेवटचा आक्षेप. कोश बघून सांगतो.