मांडव्याच्या बोटीमागचे कुरव तांबड्या समुद्रातले नाहीत

थंडी सुरू झाली की हा मेसेज फिरू लागतो: ‘तांबड्या समुद्रातले दुर्मीळ पांढऱ्या डोळ्यांचे सीगल वादळात वाट चुकून हजारोंनी मुंबईत आलेत. बिचारे उपाशी आहेत. गेटवेला जाल तेव्हा शेव-गाठी न्या.’ सोबत मांडव्याच्या बोटीमागे उडणाऱ्या पक्ष्यांचा फोटो. फोटो मुंबईचाच आहे, मजकूर मात्र साफ चुकीचा आहे.

आधी पक्षी कुठला ते बघू. फोटो मोठा करा. डोकं पांढरं, डोळ्यामागे काळसर ठिपका, पाठ फिकट राखाडी, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात एक पांढरा डाग. हा आपला नेहमीचा तपकिरी डोक्याचा कुरव (सीगलला मराठीत कुरव म्हणतात). डोक्याचा तपकिरी रंग त्याला विणीच्या हंगामाआधी चढतो, हिवाळ्यात नसतो. त्याचं बुबुळ फिकट असतं आणि बहुतेक तिथेच घोटाळा झालाय. तांबड्या समुद्रातल्या त्या कुरवाचं बुबुळ गडद असतं. पांढऱ्या असतात त्या डोळ्याच्या वरच्या आणि खालच्या ठसठशीत कडा. शिवाय त्याचं डोकं काळं, पाठ गडद राखाडी, पाय पिवळे आणि चोच लांब, बारीक, लाल, टोकाशी काळी. यातलं काहीच या फोटोत दिसत नाही.

‘वाट चुकले’ हेही खोटं. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतात आणि थंडीत दरवर्षी किनाऱ्यावर उतरतात. ही त्यांची ठरलेली वाट आहे.

आता तांबड्या समुद्रातला तो पांढऱ्या डोळ्यांचा कुरव. तो तर स्वतःचा टापू सोडून फारसा बाहेर जातच नाही. इजिप्तपासून येमेन-जिबूतीपर्यंतच्या बेटांवर ऐन उन्हाळ्यात अंडी घालतो आणि वीण आटोपली की काही पक्षी एडनच्या आखातापर्यंत, सोमालियाच्या किनाऱ्यापर्यंत जातात. तांबड्या समुद्राच्या तोंडापासून मुंबई ३,००० किलोमीटरहून लांब. एखादा चुकार पक्षी भरकटत येणं अशक्य नाही, पण हजारोंचा थवा? नाही. खरंच शंका आली, तर चोच, पाठ आणि पाय स्पष्ट दिसतील असा फोटो घ्या आणि ठिकाण-वेळेसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका. दुर्मीळ नोंदी तिथे तपासल्या जातात.

मला सगळ्यात खुपतं ते शेव-गाठीचं. हे पक्षी मासे खातात, मच्छीमार बोटींमागची टाकाऊ मासळी खातात, खाडीच्या चिखलातले किडे टिपतात. मुंबईच्या किनाऱ्यावर त्यांना हे सगळं मिळतं. बोटीच्या कठड्यावरून कोणी वेफर उंच धरतो, कुरव झेपावतो, अर्धा वेफर पाण्यात, मागोमाग रिकामं पाकीटही पाण्यात. तेलकट, खारट पिठाने पोट भरतं, पण मासळीतलं पोषण त्यात नाही. आणि यांतल्या कित्येकांना उन्हाळ्याच्या तोंडाशी हिमालय ओलांडून परत जायचंय. मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथे बाकी काही नाही तरी एवढं जरूर कळवा की हे पक्षी उपाशी नाहीत.